काजळीची डबी

सतरा डिसेंबर, मंगळवार, सकाळी अकरा. बेलापूर, चर्चमागची दफनभूमी.

हजर: पाळकसाहेब. शांतवनमामांची मुलगी मार्था आणि जावई. मंडळीतल्या पंधरा-सोळा बायका, पांढऱ्या साड्यांत. कारखान्याचे आम्ही पाच जण: बॉयलरवरचे नागरे, गेटवरचा वॉचमन, टाइम ऑफिसमधले दोघे आणि मी. कॉलनीतले आणखी काही जण येणार होते, पण त्यांचा टेम्पो उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकला. ते पोचले तेव्हा माती लोटून झाली होती.

हे मी तिथेच उभ्याउभ्या डायरीत लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं. कारखान्याच्या सिव्हिल विभागात वीस-बावीस वर्षं मालाच्या याद्या केल्या. आता हात मोकळा राहिला की मला सुचेनासं होतं.

पेटीवर बाजारातल्या ग्लॅडिओलसचं पुष्पचक्र होतं, चकचकीत कागदात गुंडाळलेलं. मामांनी त्यातलं एक पान चोळून पाहिलं असतं आणि काही न बोलता हात पुसला असता. शेजारी त्यांच्या बायकोची, एस्तेरमावशीची कबर. नाताळ आठवड्यावर आल्यामुळे तिला नुकताच चुना दिलेला होता. कबरीच्या पायथ्याशी हातभर रुंदीची मातीची पट्टी होती. भुसभुशीत केलेली, खडे वेचलेली, आणि रिकामी. त्या पट्टीत काय असायला हवं होतं ते तिथल्या बऱ्याच जणांना माहीत होतं. ते का नाही, हे फक्त मला माहीत होतं.

शांतवनमामा आमच्या साखर कारखान्याचे माळी. ऑफिससमोरचा फुलझाडांचा मोठा गोल, गेस्ट हाउसचं आवार आणि कॉलनीच्या रस्त्याकडेचे वाफे, एवढं त्यांच्याकडे होतं. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात ते इतर कुठल्याही माळ्यासारखे दिसायचे. त्यांचा खरा हंगाम थंडीचा. कारखान्याचाही तोच. दिवाळीच्या सुमारास बॉयलर पेटायचा, चिमणीतून धूर सुरू व्हायचा आणि धुराबरोबर उसाच्या चिपाडाची जळकी काजळी सगळ्या कॉलनीवर पडायची. वाळत घातलेल्या कपड्यांवर, पापडांवर, पोरांच्या केसांत. काळी, हलकी, बोटाला लागली की लांबणारी. थंडीतली फुलं नेमकी याच दिवसांत लागतात. बाकी गावांतले माळी पाणी आणि ऊन बघून रोपं निवडतात. मामा काजळी बघून निवडायचे.

हे मला कळायला एक वर्ष गेलं. बाग आमच्याच विभागाकडे होती; नोकरीच्या पहिल्या वर्षी बियांची यादी मी एकटीने केली. बियांच्या कंपनीच्या पुस्तकात पिटुनियाचे सहा रंग होते, मी सहाही मागवले. मामांनी यादी हातात घेतली, बोट ठेवत वाचली आणि परत दिली.

"काही बदलायचंय का, मामा?"

"तुमी लिवलंय ना. बगू."

रोपं जोरात आली. मग गाळप सुरू झालं. पिटुनियाचं पान चिकट असतं, त्यावर बारीक लव असते. नाताळच्या आठवड्यात ऑफिससमोरचा गोल चुलीमागच्या भिंतीसारखा दिसत होता. मी मामांना गाठलं.

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"व्हय."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"सांगून तुमाला पटलं नसतं. पुस्तकात धूर नसतो, ताई."

रागवावं असं काही त्यांच्या आवाजात नव्हतं. त्यांनी स्वेटरच्या खिशातून एक पत्र्याची डबी काढली. पूर्वी तिच्यात मलम असावं. झाकण उघडलं. आत काजळी होती, चाळलेली, मऊ. त्यांनी पिटुनियाचं एक पान डाव्या तळहातावर ठेवलं, त्यावर चिमूटभर काजळी टाकली आणि पानाला खालून टिचकी मारली. काजळी हलली नाही. मग शोभेच्या कोबीचं पान घेतलं, जाड, मेणचट, कडेला जांभळी झालर. पुन्हा चिमूट, पुन्हा टिचकी. काजळी घसरून खाली पडली आणि पान धुतल्यासारखं निघालं.

"ह्ये पास. त्ये नापास. आता लिवा."

त्या दिवसापासून यादी अशीच झाली. दर वर्षी पोळ्यानंतर मी श्रीरामपूरच्या नर्सरीतून नव्या जातींचं एकेक नमुन्याचं रोप आणायची, मामा ऑफिसच्या पायरीवर बसून टिचकी मारायचे आणि मी समोर पास-नापास लिहायची. डायन्थस पास. स्नॅपड्रॅगन पास. नॅस्टर्शियम पहिल्या वर्गात पास, त्याच्या गोल पानावर पाणीसुद्धा थांबत नाही. क्रोटन आणि ड्रॅसिना कायमचे पास. झेंडू पास. साल्व्हिया काठावर. शेवंती दर वर्षी नापास व्हायची आणि दर वर्षी यादीत असायची.

"मामा, हिला कसं घेता?"

"तिला सवलतीचे मार्क. मार्गशीर्षात बायांना बेस्तरवारी घटाला फूल लागतं, अन् आमाला नाताळाला. तिला नापास करून ऱ्हायचं कुटं?"

रंगांचा त्यांचा हिशोबही वेगळा होता. पांढरं आणि फिकट पिवळं ते पुढे लावत नसत, दोन दिवसांत मळतं म्हणून. गेटकडून येणाऱ्या रस्त्याच्या कडेने गडद लाल आणि जांभळा. पाळीवरून सुटलेला माणूस सकाळी बाहेर येतो, त्याच्या डोळ्यांत राख असते, त्याला पहिल्यांदा लाल दिसायला पाहिजे, असं ते म्हणायचे. लांबून रंग दिसतो, जवळून पान दिसतं. म्हणून बाकाजवळच्या वाफ्यात फुलं कमी आणि पानं जास्त. कोबीची झालर, ड्रॅसिनाची लांब पट्टी, डायन्थसचं निळसर बारीक पातं, मधे क्रोटनचं ठिपकेदार. डबा खायला बसलेला माणूस नकळत हात लांब करून एखादं पान चाळवत बसायचा. मामा ते लांबून बघायचे आणि मला हळूच म्हणायचे, "बगा, पान हातात आलं का मानूस शिव्या कमी देतो."

ते झाडांशी बोलत नसत. कुणी तसं सुचवलं तर हसायचे. "झाडाशी बोलनारे लई भेटत्यात. पुसनारं कोन भेटत न्हाई." त्यांच्या कमरेला तीन फडकी असायची. एक ओलं, एक कोरडं, एक स्वतःचं. सकाळी भोंगा झाला की गोलातली मोठी पानं एकेक करून पुसायची, हा त्यांचा पहिला तास. माणसांच्या भांडणातही ते हेच सांगायचे. नागरे आणि फिटर यांचं एकदा चांगलंच वाजलं होतं. मामा मधे पडले ते एवढंच बोलले, "पुसून बगा की राव. खाली हिरवं असंल." नागरे आजही कुणावर चिडले की स्वतःशीच ते वाक्य म्हणतात.

एस्तेरमावशी त्यांच्या उलट. मोठ्याने बोलणारी, मोठ्याने हसणारी, चर्चमध्ये गाण्यांना पहिला सूर तिचा. एकदा मंडळीच्या महिला मंडळाची सहल महाबळेश्वरला गेली. तिथल्या एका बागेत तिने पांढऱ्या-रुपेरी पानांचं झुडूप पाहिलं. नक्षी कापल्यासारखं पान, अंगभर लव, हाताला मखमल. त्याला सिनेरारिया म्हणतात, थंडीत उत्तम येतं. ती त्याला मखमलच म्हणायची. तिथल्या माळ्याला विचारून तिने एक पान घेतलं आणि गीतांच्या पुस्तकात ठेवून आणलं. आल्यावर कॉलनीतल्या प्रत्येक बाईच्या गालाला ते लावून झालं. माझ्याही.

मग ती मामांना म्हणाली, "एकच वाफा. आपल्या दारापुढं. दुसरं काय मागत न्हाई."

मामांनी ते पान हातात घेतलं, उलटसुलट केलं, आणि डबी काढली.

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, कारण मी त्यांच्या दारात दळणाचा डबा घेऊन उभी होते. मला वाटलं, हे आता करणार नाहीत. त्यांनी केलं. चिमूट टाकली, टिचकी मारली, पुन्हा मारली, मग कोरड्या फडक्याने पुसून पाहिलं. काजळी लवेत बसली ती बसलीच. रुपेरी पानाची मातकट काळी चिंधी झाली.

"नापास," मामा म्हणाले. सवयीनेच म्हणाले असावेत.

मावशी आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. भाकरी थापायची, ताट सरकवायची आणि शेजारच्या घरात जाऊन मोठ्याने हसायची, त्यांना ऐकू जावं म्हणून. नवव्या दिवशी मामांनी तोंड उघडलं. "असं करू. बॉयलर बंद पडला की लावू तुजी मखमल."

"मंग पडू दे येकदाचा बंद," मावशी म्हणाली, आणि दोघंही हसली. कॉलनीत ही गोष्ट कितीतरी दिवस चालली. मामा दिसले की नागरे ओरडायचे, "मामी बॉयलरला नजर लावायली बरं का, जपा."

पुढे काही वर्षांनी बॉयलर खरंच बंद पडला. एका हंगामात गाळप उशिरा सुरू झालं आणि लवकर संपलं, पुढच्या हंगामात सुरूच झालं नाही. का, कसं, ते मी इथे लिहीत नाही. आम्हा सगळ्यांची आयुष्यं त्यात गेली आणि प्रत्येकाची कारणांची यादी वेगळी आहे.

एस्तेरमावशीच्या यादीत एकच कारण होतं. "माज्या तोंडातनं गेलं," ती म्हणायची. सुरुवातीला आम्ही हसण्यावारी नेलं. पाळकसाहेबांनी समजावलं, मार्थाने रागावून पाहिलं. मावशी मान डोलवायची आणि पुन्हा तेच. तिने चर्चमध्ये पहिला सूर लावणं सोडलं. मखमल हा शब्द त्या घरातून गेला. हवा आता स्वच्छ होती, कपडे पांढरे राहत होते, दारापुढे ते झुडूप सहज आलं असतं. मला वाटलं, तेवढ्याने तरी तिला बरं वाटेल. मी पुण्याहून बियांची एक पुडी आणली आणि मामांना दिली. त्यांनी ती बराच वेळ हातात धरली.

"ठिवतो," ते म्हणाले.

"लावा ना, मामा. आता काजळी कुठे आहे?"

"ह्ये लावलं म्हंजी तिचं बोलनं खरं झालं. रोज दारात बगंल ती." मग म्हणाले, "अन् बॉयलर कवाबी पेटंल. आपुन तयारीत असावं."

माणसं पांगत होती. कुणी सुप्याला गेलं, कुणी गावी शेतीवर. मामा कॉलनीतच राहिले आणि बाग चालू ठेवली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी थांबवलंही नाही. दर वर्षी पोळ्यानंतर ते ऑफिसच्या पायरीवर येऊन बसायचे. ऑफिसला कुलूप होतं. मी यादी घेऊन जायची. डबी निघायची, चिमूट पडायची, टिचकी वाजायची. काजळी जुन्याच हंगामाची होती, त्यामुळे चिमूट दर वर्षी लहान व्हायची. परीक्षा झाली की ते खाली पडलेली काजळी कागदावर गोळा करून परत डबीत भरायचे.

नागरे एकदा पायरीशी उभे राहिले. "मामा, धूर न्हाई, काजळी न्हाई, मंग परीक्षा कुनाची घेता?"

"तू बॉयलर पेटीव. माजी झाडं तयार हायेत."

नागरे पायरीवर त्यांच्या शेजारी बसले.

अशाच एका जानेवारीत, सकाळी नऊच्या सुमारास, मामा माझ्या दाराशी आले. एरवी ते दारापासून चार हात लांब उभे राहून हाक मारायचे. त्या दिवशी कडी वाजवली.

"ताई, पडली."

त्यांनी बोट पुढे केलं. बोट काळं होतं. मी बाहेर येऊन कुंडीतल्या क्रोटनकडे पाहिलं. पानांवर काळे तुकडे होते, हलके, लांबट. आमच्या कॉलनीत कुणालाही त्याचा अर्थ सांगायला लागला नसता. मामा तसेच नागऱ्यांकडे गेले. नागरे आंघोळ अर्धवट टाकून, ओल्या केसांवर टोपी घालून निघाले. दोघं म्हातारे गेटकडे जवळजवळ पळत होते. वाटेत मामांनी मला मागे वळून सांगितलं, "यादीत नॅस्टर्शियम वाढवा."

मी गेटला पोचले तेव्हा दोघं चिमणीकडे तोंड करून उभे होते. चिमणीवर एक घार बसली होती. वॉचमन त्याच्या खोलीतून बाहेर आला आणि हात लांब करून ओढ्यापलीकडे दाखवलं. तिकडे कुणाचा तरी ऊस तुटून गेला होता, त्यांनी रानातलं पाचट पेटवलं होतं. धूर आमच्याकडे वळला होता.

"पाचट हाय, मामा," वॉचमन म्हणाला. "आपलं न्हाई."

नागरे म्हणाले, "मला वासावरनंच कळाया पायजे हुतं. चिपाडाचा वास येगळा." तीस वर्षं बॉयलरवर काढलेल्या माणसाने तो वास ओळखला नव्हता. म्हणजे ओळखायचा नव्हता.

त्या दिवशी मामांनी संपूर्ण गोल पुसला. एकेक पान, आधी ओल्याने, मग कोरड्याने. दुपारी मावशी त्यांच्यासाठी भाकरी घेऊन आली आणि तिसरं फडकं घेऊन स्वतःच पुसायला बसली. संध्याकाळी परत जाताना मामांनी खाली पडलेल्या काजळीतली थोडी डबीत भरून घेतली. ती त्यांच्या कामाची होती.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत मावशी गेली. न्यूमोनियाचं निमित्त. पेटीवर ठेवायला मामांनी गोलातला सगळा लाल डायन्थस कापला आणि कडेने कोबीची जांभळी पानं रचली. मातीच्या वेळी पाळकसाहेबांनी विचारलं, कबरीपाशी काही लावणार का. मामा म्हणाले, "ठरलं न्हाई अजून." पण खुरपं घेऊन ती पट्टी त्यांनी त्याच आठवड्यात तयार केली. पुढच्या वर्षी पुन्हा खणली, खडे वेचले, आणि पुन्हा रिकामी ठेवली. मी विचारलं नाही. काय लावायचं ते त्यांना ठाऊक होतं, हात धजत नव्हता, इतपत मला कळत होतं.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचे पाय सुजायला लागले आणि मार्था त्यांना बेलापूरला घेऊन गेली. ती दवाखान्यात नर्स आहे. सप्टेंबरमध्ये मी भेटायला गेले ते सांगायला, की माझे यजमान सुप्याच्या एमआयडीसीत लागले आहेत आणि आम्हीही कॉलनी सोडतोय. मामा खाटेवर बसले होते, अंगात कारखान्याचा तोच खाकी स्वेटर.

"सलाम, ताई. यादी आनली का?"

"यंदा कसली यादी, मामा?"

त्यांनी उशीखालून डबी काढली. मी नेहमीप्रमाणे डायरी उघडली. डबी वेगळी दिसत होती. घासलेली होती. आतून बाहेरून, चिंच आणि राख लावून, पत्रा चकाकेपर्यंत. झाकण उघडलं तर आत कागदाच्या घडीत बी होतं, धुळीसारखं बारीक.

"मार्थानं मोबाईलवरनं मागिवलं. ताजं हाय. जुन्या पुडीतलं उगवलं नसतं."

"काजळी कुठे गेली?"

"सांडली मोरीत. किती दिस ठिवायची." त्यांनी कागदाची घडी बोटाने दाबून बसवली. "ती मरताना म्हनली, मी काय खोटं मागितलं हुतं का वो. मी म्हनलं न्हाई. मंग द्याया पायजे ना, ताई? कारखान्यापायी तिचं ऱ्हाऊन गेलं."

मी डायरीचं कोरं पान काढलं.

"माजा हात कापतोय. ह्ये बी फुंकरीनं बी उडतं. मार्थाच्या हातनं मनीप्लँट बी जगत न्हाई. तुमी पेरा. नवरात्रात पेरलं का नाताळापत्तुर लावाया येतं. त्या पट्टीत. सहा रोपं बास."

मी डायरीत लिहून घेतलं. तारीख घातली. त्यांनी डबीचं झाकण लावलं आणि ती माझ्या हातात दिली, दोन्ही हातांनी.

नवरात्रात आम्ही घर हलवत होतो. सुप्याचं घर दुसऱ्या मजल्यावर, ऊन कुठून येतं ते समजायला चार दिवस गेले. मी यादी केली. माती चाळणे. बारीक वाळू आणणे. शेणखत, जुनं. ट्रे, भोकं असलेला. झारीचं बारीक तोंड. खिडकी ठरवणे. अकरा बाबी झाल्या. मी त्या क्रमाने घेत गेले. वाळू मिळाली तेव्हा दसरा होऊन गेला होता, ट्रे मिळाला तेव्हा दिवाळी तोंडावर होती, आणि दिवाळीत पाहुणे आले. पेरणी ही अकरावी बाब होती. ती दहा मिनिटांची होती.

नोव्हेंबरच्या शेवटी मार्थाचा फोन आला. मामा दवाखान्यात होते. मी गेले. नाकात नळी होती, डोळे मिटलेले. मी खाटेजवळ स्टूल ओढलं तेव्हा डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "ताई?"

"हो, मामा."

"उगवलं का?"

खाटेच्या पलीकडे मार्था उभी होती. माझ्या पिशवीत डायरी होती, तिच्यात अकरावी ओळ कोरी होती. आयुष्यात मी न झालेल्या कामापुढे कधी खूण केलेली नाही.

"उगवलं," मी म्हणाले. "चार पानं फुटली."

"लव आली?"

"येतेय."

त्यांच्या चेहऱ्यावर काही फरक पडला नाही. पण पांघरुणावरचा उजवा हात हलला. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर आली आणि हळूहळू फिरू लागली, नव्या जातीचं पान तपासताना फिरायची तशी. बराच वेळ फिरत होती. मग त्यांनी मधल्या बोटाने हवेतच एक टिचकी मारली, अगदी हलकी, आणि ओठ हलले. काय म्हणाले ते मार्थाला ऐकू आलं नाही. मला आलं. पास म्हणाले.

मामांना मी त्यानंतर पाहिलं ते पेटीत.

दफनानंतर सगळे चहाला वळले तेव्हा मार्था माझ्याजवळ आली. रडून तिचा आवाज बसला होता. "ताई, बाबा सगळ्यांना सांगत होते, रोपं तुमच्याकडे आहेत म्हणून. नाताळच्या आधी आणाल? आईच्या पायाशी, त्या पट्टीत लावू." मागे नागरे उभे होते. "मी येतो खड्डे घ्याया," ते म्हणाले. "तेवढं तरी माज्या हातनं."

"अजून लहान आहेत," मी म्हणाले. "जरा मोठी होऊ देत."

परत येताना पुणे रस्त्यावरच्या एका नर्सरीत थांबले. सिनेरारियाची तयार रोपं होती, काळ्या पिशव्यांत, ओळीने, रुपेरी. सहा वेगळी काढली. एक पान गालाला लावून पाहिलं. मावशीने लावलं होतं तसंच लागलं. मग सहाही परत ओळीत ठेवली. ती मामांच्या बियांची म्हणून मार्थाच्या हातात देणं हे तिसरं खोटं झालं असतं, आणि नागऱ्यांनी त्यांच्यासाठी खड्डे घेतले असते. नर्सरीवाल्याला विचारलं, आता पेरलं तर चालेल का. तो म्हणाला, थंडीमुळे उगवायला वेळ लागेल, उगवलं तरी उन्हाळा जड जाईल, पण सावलीत जपलं तर जगतं. बी फार दिवस ठेवू नका, हेही म्हणाला.

घरी येऊन यादी पुन्हा लिहिली. माती चाळलेली आहे. वाळू आहे. खत आहे. ट्रे खिडकीत आहे, पूर्वेच्या, सकाळचं ऊन येतं तिथे. डबी ट्रेशेजारी ठेवली आहे. तीन दिवस झाले, मी येता-जाता तिला फडकं मारते. झाकण अजून उघडलेलं नाही.

बाब अकरा: पेरणी. बाकी.